विमानाच्या पत्र्याचे कर्तन : हातकात्रीची निवड व वापर

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत तांब्याचा पत्रा ठोकून भांडी घडविली जातात. ठोक्यांनी कठीण झालेले तांबे तापवून पुन्हा मऊ करता येते. विमानाच्या पत्र्याला ही मुभा नाही. २०२४-टी३ या ॲल्युमिनियम मिश्रधातूचे बळ उष्मोपचारातून आलेले असते; कारागिराने तो तापविल्यास ते घटते. म्हणून कर्तन प्रथमपासूनच काटेकोर असावे लागते.

याकरिता संयुक्त तरफेची ‘एव्हिएशन’ कात्री वापरतात. प्रचलित संकेतानुसार पिवळ्या मुठीची कात्री सरळ कापते, तांबड्या मुठीची डावीकडे व हिरव्या मुठीची उजवीकडे वळते. निवड वळणाच्या दिशेवरून करावी.

दातेरी पात्यांमुळे पत्रा निसटत नाही. मात्र कडेवर दात्यांचे ठसे उमटतात. पाती टोकापर्यंत मिटल्यास तेथे खाच पडते. म्हणून ती पूर्ण न मिटविता पुढे सरकवावीत, रेषेबाहेर सुमारे १ मि.मी. जागा सोडून कापावे व कड कानशीने गुळगुळीत करावी. आतील कोपऱ्यात आधी गोल छिद्र पाडावे. आखणी अणकुचीदार सुईने करू नये; शिसपेन्सिलही टाळावी, कारण ग्राफाइटमुळे ॲल्युमिनियम गंजते.

ही दक्षता केवळ देखणेपणासाठी नाही. १९५४ मध्ये कोसळलेल्या कॉमेट विमानांच्या चौकशीत कवचातील छेदांजवळ धातुशैथिल्याने तडे गेल्याचे आढळले. वारंवार बदलणाऱ्या ताणाखाली तडा बहुधा अशाच लहान दोषातून सुरू होतो. कारागिराची कानस तो दोष वेळीच दूर करते.