रिकाम्या कपातला चहा

दोन रिकामे कप आणि एक रिकामी किटली घेऊन दोन-अडीच वर्षांच्या मुलासमोर बसायचं. दोन्ही कपांत खोटा खोटा चहा ओतायचा. मग एक कप उचलून उपडा करायचा, झटकायचा, परत जागेवर ठेवायचा आणि विचारायचं, "यातला रिकामा कप कुठला?" मूल उपड्या केलेल्या कपाकडे बोट दाखवतं. भरलेला कुठला, तर दुसरा. खरं तर दोन्ही कप कोरडे ठणठणीत आहेत आणि ते त्याला चांगलं दिसतंय!

हा प्रयोग मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन लेस्ली यांचा. त्यांच्या 1987 सालच्या गाजलेल्या निबंधातला प्रश्न मला अजून झपाटून टाकतो. या वयात मूल जगाची नुकती ओळख करून घेत असतं. केळं म्हणजे काय, फोन म्हणजे काय, हे अजून पक्कं व्हायचंय. अशात आई केळं कानाला लावून "हॅलो" म्हणते. मग केळ्यातून बोलता येतं, असा त्याचा घोळ का होत नाही? लेस्लींचं म्हणणं असं, की मन खोट्या खोट्या गोष्टींचा हिशेब निराळा ठेवतं. तिकडे केळ्याचा फोन होवो नाहीतर होडी, इकडची खरी माहिती अबाधित राहते. पुढे दुसऱ्याच्या मनातलं ओळखायलाही हीच यंत्रणा उपयोगी पडते, असं त्यांनी मांडलं. चावी फ्रिजवर आहे हे मला ठाऊक आहे, पण आजीला वाटतंय ती कपाटात आहे, हे साधारण चौथ्या वर्षी उमजू लागतं. त्याच्या कितीतरी आधी, दीड वर्षाच्या आसपास, खोटा चहा पिऊन झालेला असतो.

आता भातुकली जवळून पाहा. विटेची पूड म्हणजे तिखट, पाला म्हणजे मेथी, आणि पोळपाटावर खरोखरीच्या कणकेची एक गोळी, स्वयंपाकघरातून मागून आणलेली. "तू बाबा हो." "नाही, मी बाळ होणार." ही वाटाघाट खेळापेक्षाही लांबते. मोठ्यांना तो वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. मला मात्र तिथेच सगळ्यात जास्त काम चाललेलं दिसतं. कोण कुठल्या भूमिकेत, ती भूमिका कशी वागते, मोडलं तर काय, हे सगळं शब्दांत मांडून दुसऱ्याला पटवावं लागतं. एकदा बाळ व्हायचं ठरलं, की बाळाला स्वयंपाक करता येत नाही, मग कितीही हात शिवशिवोत.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की यांनी 1933 साली दिलेल्या व्याख्यानात यावरच बोट ठेवलं होतं. नियम नाही असा कल्पनेचा खेळच नसतो, असं ते म्हणत. खाऊची गोळी खेळात न खाण्याची वस्तू ठरली, तर मूल ती तोंडात टाकत नाही. एरवी दहादा सांगून न आवरणारा हात, खेळात आपणहून आवरतो. तोही आनंदाने!

अशा खेळासाठी महागडं काही लागत नाही, हे महाराष्ट्रात फार पूर्वी कुणीतरी करून दाखवलंय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचं काम उभं केलं. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. माँटेसरी पद्धतीची खर्चिक साधनं परवडणारी नव्हती, तेव्हा शंख-शिंपले, खडे, बिया, पानं अशा आसपासच्या वस्तू साधनं झाल्या. मला त्यांची ही निवड तडजोड वाटत नाही. शिंपल्याची वाटी होते, पैसा होतो, मासाही होतो. बटण दाबल्यावर एकच गाणं म्हणणारी प्लॅस्टिकची बाहुली एवढं काही होऊ शकत नाही.

आणि मोठ्यांनी कुठे थांबायचं? एलिझाबेथ बोनाविट्झ, लॉरा शुल्झ आणि सहकाऱ्यांनी 2011 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. त्यांनी नळ्यांचं एक खेळणं तयार केलं. एक नळी ओढली की ते चिवचिवायचं. शिवाय त्यात आणखी गमती दडलेल्या होत्या, एके ठिकाणी आरसाही होता. काही मुलांना बाईंनी "हे खेळणं असं चालतं" म्हणून चिवचिव करून दाखवली. काहींसमोर ती चुकून वाजल्यासारखं केलं. शिकवलेली मुलं तीच नळी ओढत राहिली आणि लवकर थांबली. दुसऱ्या मुलांनी खेळणं उलटंपालटं केलं, आत डोकावून पाहिलं आणि इतर गमती जास्त शोधल्या.

शिकवलेल्या मुलांमध्ये कुतूहल कमी होतं म्हणून असं घडलं नाही. जाणती बाई एवढंच दाखवते आहे, म्हणजे यात एवढंच असणार, हा त्यांचा अंदाज अगदी तर्काला धरून होता. त्या तर्कापायी आरसा आतच राहून जाण्याची शक्यता मात्र वाढली.