दप्तराची नक्कल : कुठे ठेवायची, किती दिवस ठेवायची

शहाद्याहून आम्ही बोलतो आहोत. आजचा विषय ऐकायला संगणकवाल्यांचा वाटेल, पण तो आपल्याच गटाचा आहे.

आपल्या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र कोणतं? नियमित लेखे. बैठकीचं इतिवृत्त, रोखवही, बचत-कर्जाची खतावणी, सभासदांची पासबुकं हे सगळं आपण लिहितो. आता बरंच काही मोबाईलवर आणि ग्रामसंघाच्या संगणकावरही चढतं. पण लिहिलेलं टिकावं यासाठी आपण काय करतो?

घरातलं बियाणं आठवा. खायचं धान्य एका कणगीत आणि बियाणं राख लावून वेगळ्या मडक्यात ठेवतो. खायचं धान्य संपलं तर चालतं, बियाणं संपून चालत नाही. म्हणून दोघांचे नियम वेगळे असतात. दप्तराचंही तसंच करायचं.

आधी जागेचं बघू. वही कपाटात आणि वहीचे फोटो असलेला मोबाईलही त्याच घरात असेल, तर घर गळलं किंवा आग लागली की दोन्ही एकदम जातात. गोमाई, तापीकाठच्या गावांना पुराचं पाणी काही नवीन नाही. म्हणून एक नक्कल गावाबाहेर हवी. दूरच्या ज्या संगणकावर आपण इंटरनेटवरून ती पाठवतो, त्याला सर्व्हर म्हणतात. साधा हिशेब असा: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी.

इथे एक गल्लत होते. मोबाईलवरचे फोटो आपोआप गुगलवर जातात, म्हणजे नक्कल झाली असं आपल्याला वाटतं. पण तो आरशासारखा प्रकार आहे. मोबाईलमधून फोटो पुसला की तिकडूनही तो कचरापेटीत जातो आणि ठराविक दिवसांनी कायमचा जातो. गुगल ड्राईव्हच्या कचरापेटीची मुदत 30 दिवसांची आहे. फुकट जागा 15 जीबी असते आणि खातं दोन वर्षं वापरलंच नाही तर ते काढून टाकलं जाऊ शकतं. खरी नक्कल ती, जी इकडे काही पुसलं तरी तिकडे शाबूत राहते.

दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचं उदाहरण घ्या. नोव्हेंबर 2022 मध्ये कुणीतरी बाहेरून शिरून तिथल्या सर्व्हरवरची माहिती कुलूपबंद केली. कित्येक दिवस केसपेपर हाताने लिहावे लागले. शेवटी रुग्णांची माहिती परत मिळाली, कारण वेगळ्या सर्व्हरवर एक प्रत होती आणि तिथपर्यंत हा हल्ला पोचला नव्हता.

यातून आपण काय घ्यायचं? आपल्या गटाची पेटी एकीकडे आणि किल्ली दुसरीकडे असते. नक्कलेलाही तोच नियम लावा. रोज माहिती पाठवणाऱ्या संगणकाला सर्व्हरवर फक्त टाकायची परवानगी असावी, पुसायची नसावी. मंदिरातल्या दानपेटीत पैसे टाकता येतात, काढता येत नाहीत, तसं. पुसायचा अधिकार वेगळ्या पासवर्डने, दुसऱ्या पदाधिकारीबाईकडे असू द्या. तो पासवर्ड पाकिटात बंद करून बँकेच्या कागदांसोबत ठेवा. पासवर्ड हरवला तर नक्कल असून नसल्यासारखी.

आता मुदतीचं बघू. सगळंच कायम ठेवलं तर जागा भरते आणि हवं ते सापडत नाही. म्हणून वर्गवारी करा. वही-पेन घ्या.

पहिला वर्ग, चालू हिशेब. रोजची नक्कल सात दिवस, आठवड्याची पाच आठवडे, महिनाअखेरची बारा महिने ठेवा. चूक कधी झाली ते महिन्याभराने लक्षात आलं, तरी आधीची बरोबर प्रत हाताशी असते.

दुसरा वर्ग, 31 मार्चचा ताळेबंद, लेखापरीक्षण अहवाल, कर्जाचे ठराव आणि परतफेडीच्या पावत्या. यांची वर्षाची एक प्रत ठेवायची आणि ती पुसायची नाही. कर्ज फिटल्यावरही बँकेचा बेबाकी दाखला ठेवाच. उद्या कुणी थकबाकी दाखवली तर उत्तर त्याच कागदात असतं.

तिसरा वर्ग, जमिनीचे कागद. हे आपलं बियाणं. वनहक्क कायद्यात आदिवासी कुटुंबाचा ताबा 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा असल्याचं दाखवावं लागतं, आणि त्याला एकापेक्षा जास्त पुरावे लागतात. वनखात्याने पूर्वी फाडलेली दंडाची पावतीसुद्धा इथे कामाला येते. ज्या कागदाचा तेव्हा राग आला, तोच आज जमिनीचा साक्षीदार होतो. अशा पावत्या, दाव्याची पोच, ग्रामसभेचा ठराव यांची नक्कल कायम ठेवा. मूळ कागद मात्र जपायचाच, फोटोने त्याची जागा भरत नाही.

चौथा वर्ग, आधार आणि पासबुकांच्या झेरॉक्स. हे उलट आहे: काम झालं की पुसायचं. व्हॉट्सॲप गटावर तर टाकायचंच नाही. ओटीपी आणि पिन कुठेही साठवायचे नाहीत. कार्यक्रमाच्या शंभर फोटोंतले पाच निवडा, बाकीचे काढा.

ग्रामसंघासाठी संगणकवाल्याला बोलावलं तर चार प्रश्न विचारा. आमची नक्कल कोणत्या गावी आहे? कोणती किती दिवस राहते? पुसू कोण शकतं? आणि परत आणून दाखवता का?

हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. बियाणं पेरण्याआधी आपण मूठभर दाणे ओल्या फडक्यात बांधून उगवण बघतो. तसंच दर तीन महिन्यांनी एका गटाची खतावणी सर्व्हरवरून परत मागवा आणि वहीशी ताडून बघा. ताळा जमला की इतिवृत्तात तशी नोंद करा.

पुढच्या बैठकीत हे चार वर्ग वाचून दाखवा आणि कुठला वर्ग कोण सांभाळेल, त्याचा ठराव करा. आमच्या मेहनतीचा पैसा या वह्यांतच नोंदलेला आहे, तो कागदावरून जाऊ द्यायचा नाही.