ओव्हेलियाचा वाढदिवस
पटावरची माणसं : लेखांक सहावा

डावपेचांच्या गेममध्ये सैनिक कायमचा मरतो तेव्हा खेळणाऱ्याचं काय होतं, हे आपण मागच्या आठवड्यात पाहिलं. त्या ओघात ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’चा ओझरता उल्लेख आला होता. आज त्याच गेममधल्या एका मुलीविषयी सविस्तर लिहायचं आहे. ती राजकन्या आहे, पुढे राणीही होते. पण तिचं खरं नाव काय, हे गेम संपेपर्यंत कुणालाच कळत नाही. तिला स्वतःलासुद्धा नाही. या लेखात कथेचा शेवट येणार आहे. तो आधी कळायला नको असेल त्यांनी गेम संपवून इकडे वळावं.

हा गेम जपानमध्ये जून १९९७ मध्ये प्लेस्टेशनवर आला. दिग्दर्शन यासुमी मात्सुनो यांचं, पात्रं अकिहिको योशिदा यांच्या हातची. २००७ मध्ये ‘द वॉर ऑफ द लायन्स’ नावानं तो नव्या इंग्रजी अनुवादासह पीएसपीवर आला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ‘द इव्हालिस क्रॉनिकल्स’ म्हणून आजच्या कन्सोलवर आणि संगणकावर, या वेळी पात्रांच्या आवाजांसह. जवळपास तीन दशकं लोक तो पुन्हा पुन्हा खेळताहेत. चौकोनी घरांचा पट, चढउतार, पाळीपाळीनं चाल ही त्याची रचना उत्तमच आहे, पण त्यातली माणसं लोकांना अधिक ओढून आणतात असं मला वाटतं.

इव्हालिस या राज्याची हकिगत थोडक्यात अशी. पन्नास वर्षं चाललेलं युद्ध हरून देश कंगाल झालेला. राजा ओंडोरियाचे दोन मुलगे लहानपणीच गेले, म्हणून त्यानं सावत्र बहीण ओव्हेलिया हिला वारस म्हणून दत्तक घेतलं. पुढे राणी लुव्हेरियाला मुलगा झाला, ओरिनस. राजा वारला तेव्हा गादीला दोन दावेदार उरले, एक तान्हं मूल आणि दुसरी मठात वाढलेली मुलगी. राणीचा भाऊ ड्यूक लार्ग मुलाच्या बाजूला, तर ड्यूक गोल्टाना ओव्हेलियाच्या. एकाच्या निशाणावर पांढरा सिंह, दुसऱ्याच्या काळा. इंग्लंडमधल्या लाल आणि पांढऱ्या गुलाबाच्या युद्धांची छाप यावर उघड दिसते. या सगळ्या ओढाताणीत ओव्हेलियाला काय हवं आहे, हे कुणी विचारत नाही. लार्गच्या माणसांना ती मेलेली हवी आहे, तेही आळ गोल्टानावर येईल अशा बेतानं. गोल्टानाला ती सिंहासनावर बसवायला हवी आहे आणि चर्चला दोघांनाही खेळवण्यासाठी.

आता पटावर काय होतं ते पाहा. या गेममध्ये गावात जाऊन पैसे मोजले की नवा शिपाई भरती करता येतो. त्याला स्वतःची रास असते, धैर्य आणि श्रद्धेचे आकडे असतात आणि नाव आपण ठेवू शकतो. कथेच्या दृष्टीनं ज्याला काडीचं महत्त्व नाही अशा त्या पोराला आपण तलवार देतो, त्याची विद्या वाढवतो, तो पडला की तीन पाळ्या संपण्याआधी त्याला उठवायला धावतो. उठवता आला नाही तर त्याचा स्फटिक होतो आणि तो गेला तो गेलाच. थोडक्यात, नाव ठेवणं आणि हुकूम देणं या दोन गोष्टींनी तो आपला होतो.

ओव्हेलियाच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी आपल्या हातात नाहीत. झिरकाईल धबधब्यापाशी ती पटावर येते. डेलिटा नावाचा एक तरुण तिला घेऊन चाललेला असतो, वाटेत सैनिकांनी दोघांना घेरलेलं असतं, आपला भाडोत्री सरदार ऐन वेळी पलटतो आणि आपल्यापुढे अट येते ती राजकन्येला वाचवण्याची. ती ‘पाहुणी’ म्हणून उभी असते, म्हणजे तिची चाल संगणक ठरवतो. तिच्याकडे एक फार मोलाची विद्या आहे. एका मंत्रानं ती माणसाभोवती संरक्षणाची कवचं चढवते, त्याचा वेग वाढवते, आणि तो मेला तरी पुन्हा उठेल अशी तजवीज करते. असा मंत्र आपल्या फौजेत असावा असं कुणाला वाटणार नाही? पण तो मागून मिळत नाही. ती तो कुणावर टाकेल हे तिचं तिनं ठरवायचं, आपण फक्त तिच्या आणि शत्रूच्या मध्ये उभं राहायचं. लढाई संपते, आणि नंतर ती आपल्या फौजेत कधीच येत नाही.

मला ही रचना फार विचारपूर्वक केलेली वाटते. कथेतला प्रत्येक जण या मुलीला सोंगटीसारखी हलवतो आहे. ज्याचं कामच सोंगट्या हलवण्याचं आहे त्या खेळणाऱ्याला मात्र गेम तिला हलवू देत नाही.

पुढे लायनेल किल्ल्यात ती कैदेत असताना फोल्मार्व्ह हा चर्चच्या सरदारांचा म्होरक्या तिला सांगतो की तू ओव्हेलिया नाहीसच. खरी ओव्हेलिया केव्हाच मेली. राणीचा द्वेष करणाऱ्या दरबारी मंडळींनी वेळेला उपयोगी पडावी म्हणून तुला तिच्या जागी आणून वाढवलं. तू कोण, कुणाची, हे विचारू नकोस. हे सांगणारा माणूस पुढे सैतान निघतो. त्याच्या शब्दापलीकडे गेममध्ये कुठलाच पुरावा नाही, त्यामुळे ते खरं की तिला मोडण्यासाठी रचलेलं, हे शेवटपर्यंत नक्की होत नाही. पण घाव बसायचा तो बसतो. मठातली वर्षं, पाठ केलेल्या प्रार्थना, राजघराण्यातली म्हणून सोसलेला एकांत हे सगळं तिनं दुसऱ्या कुणाच्या तरी वतीनं जगलेलं ठरतं.

अशी मुलं इतिहासात खरोखर होऊन गेली. त्याच गुलाबांच्या युद्धांच्या अखेरीस, १४८७ मध्ये, डब्लिनच्या कॅथीड्रलमध्ये दहाएक वर्षांच्या एका पोराला इंग्लंडचा राजा म्हणून मुकुट घालण्यात आला. तो राजघराण्यातला एडवर्ड आहे असं सांगितलं गेलं. एका पाद्र्यानं त्याला राजपुत्रासारखं बोलायचालायला शिकवलं होतं. काही आठवड्यांत स्टोकच्या लढाईत त्याचा पक्ष हरला. सातव्या हेन्रीनं त्याला फाशी दिलं नाही, स्वयंपाकघरात कामाला लावलं. आपण त्याला लॅम्बर्ट सिम्नेल म्हणून ओळखतो, पण हे तरी त्याचं खरं नाव होतं का, याबद्दल इतिहासकारांना शंका आहे. मोठ्यांनी एक नाव चढवलं, हरल्यावर उतरवलं, आणि खालचं नाव सापडलंच नाही.

जपानी प्रेक्षकांना हा विषय ओळखीचा होता. कुरोसावांचा ‘कागेमुशा’ १९८० चा. मरणाच्या दारातून वाचवलेला एक भुरटा चोर ताकेदा शिंगेनची जागा घेतो, आणि चित्रपटभर त्याला स्वतःचं नाव मिळत नाही. आपल्याकडे मात्र पन्हाळ्याच्या वेढ्यातून महाराज निसटावेत म्हणून १६६० मध्ये त्यांच्या वेषात पालखीत बसलेल्या शिवा काशीद यांचं नाव लोकांनी जपलं. पन्हाळ्यावर त्यांचं स्मारक आहे. त्यांनी ते सोंग जाणूनबुजून, स्वतःच्या मर्जीनं घेतलं होतं. ओव्हेलियाला कुणी विचारलंच नव्हतं. मला या दोन गोष्टींमधलं अंतर फार मोठं वाटतं.

हे सगळं ऐकून खचलेल्या ओव्हेलियाला झेल्टेनियाच्या पडक्या चर्चमध्ये डेलिटा भेटतो. डेलिटा हा गरीब घरातला, सरदाराच्या आश्रयानं वाढलेला. त्याची धाकटी बहीण टिएट्रा हिला बंडखोरांनी सरदाराची मुलगी समजून पळवलं. ती सरदाराची मुलगी नव्हती, म्हणून तिच्या जिवाची कुणाला पर्वा नव्हती. झिकडनच्या गढीपाशी आपल्याच बाजूच्या माणसानं तिच्यावर बाण सोडला. म्हणजे तीही दुसरीच्याच नावानं मेली. हा डेलिटा ओव्हेलियाला सांगतो की मीही तुझ्यासारखाच आहे, दुसऱ्यांनी दिलेल्या खोट्या ओळखीनं वापरला गेलेला. तुझ्यासाठी मी एक राज्य उभं करीन आणि तुझ्या आयुष्याचं सोनं करीन. तो हे मनापासून बोलतो. त्या प्रसंगात कुठेही ढोंग दिसत नाही, आणि पुढे गेमचा नायक रामझा त्याला तिच्याविषयी छेडतो तेव्हा तिच्यासाठी जीव गेला तरी हरकत नाही, असंच तो म्हणतो. त्याला निव्वळ कपटी समजणाऱ्यांशी माझं म्हणूनच जमत नाही.

पण डेलिटा देऊ करतो ती पुन्हा एक भूमिकाच असते. आधी ती दरबाऱ्यांची राजकन्या होती, आता ती डेलिटाची राणी. तिला राज्य हवं आहे का, हे यानंही विचारलेलं नाही.

चौथ्या अंकात बेथला किल्ल्यावर एक प्रसंग येतो. लढाईच्या धावपळीत तो चटकन निसटून जातो, आणि मला तो सगळ्या कथेची किल्ली वाटतो. डेलिटा गोल्टानाला ठार करतो. खुनाचा आळ घालायला त्याला सेनापती ऑर्लांडो हवा असतो. पण ऑर्लांडोची तर सुटका होऊन तो रामझाच्या फौजेत सामील होणार असतो. मग डेलिटा ऑर्लांडोच्या जागी त्याच्यासारखा दिसणारा एक माणूस वापरतो आणि तो मारला जातो. खेळणारा या वेळी आनंदात असतो, कारण ऑर्लांडो हा गेममधला सगळ्यात बलाढ्य योद्धा आणि तो आता आपल्याकडे आलेला आहे. त्या मेलेल्या माणसाचं नाव कळत नाही. त्याच्यासाठी कुणी थांबत नाही, आपणही नाही. ‘मीही तुझ्यासारखाच’ असं एका बदली राजकन्येला सांगणाऱ्यानं दुसऱ्या एका बदली माणसाचं असं केलं.

ओव्हेलियाला या प्रसंगाची कितपत माहिती होती, हे गेम सांगत नाही. डेलिटानं माणसं कशी वापरली एवढं तिला पुरतं कळलेलं असतं. युद्ध संपतं, डेलिटा तिच्याशी लग्न करून राजा होतो. मग शेवटचा प्रसंग, त्याच पडक्या चर्चमध्ये. तिचा वाढदिवस म्हणून तो फुलं घेऊन येतो. ती सुरी काढून त्याला भोसकते. तू सगळ्यांना वापरलंस, रामझालाही, आणि एक दिवस मलाही मारशील, असं ती म्हणते. तो तीच सुरी तिच्यावर चालवतो आणि ती कोसळते.

या प्रसंगावर पुष्कळ चर्चा होते ती डेलिटाच्या शेवटच्या प्रश्नाची, रामझाला काय मिळालं आणि मला काय, या त्याच्या विचाराची. माझं लक्ष मात्र त्या फुलांवर अडकतं. फोल्मार्व्ह खरं बोलला असेल तर तो वाढदिवस हिचा नव्हेच. लहानपणी मेलेल्या दुसऱ्या एका मुलीची ती जन्मतारीख. हिची कोणती, हे सांगणारं कुणी उरलेलं नाही. जिच्या जन्माची नोंदच कुणी ठेवली नाही तिला तिच्यावर सगळ्यात जास्त जीव लावणारा माणूस मेलेल्या मुलीच्या वाढदिवसाची फुलं देतो आणि त्याच्या ते लक्षातही येत नाही.

आणि तिचा तो वार? संपूर्ण कथेत ओव्हेलियाला पळवलं गेलं, कोंडलं गेलं, मुकुट घातला गेला, लग्न लावलं गेलं. कुणीही नेमून न दिलेली अशी तिची ही एकच कृती. ती कृती मला योग्य वाटत नाही; डेलिटा तिला मारणार होता याची एकही खूण गेम देत नाही. पण तो निवाडा तिचा आहे. राजकन्येनं काय करावं, राणीनं काय करावं याचा हिशेब बाजूला ठेवून, डोळ्यांनी पाहिलं त्यावरून तिनं डेलिटाविषयी आपलं मत ठरवलं. नाव मिळालं नाही, आईबाप कळले नाहीत, तरी त्या क्षणी तिथे उभी असलेली बाई कुणाची प्रत नाही. ती ओळख तिला अशा भयंकर रीतीनं मिळावी याचं मला आजही वाईट वाटतं.

गेमची सगळी कथा पुढच्या काळातला एक इतिहासकार आपल्याला सांगत असतो. चर्चनं दडपलेली कागदपत्रं त्याच्या हाती लागलेली असतात. लोकांच्या इतिहासात डेलिटा थोर राजा आणि रामझा पाखंडी. त्या कागदांमुळे रामझाला न्याय मिळतो. ओव्हेलियाचं मूळ नाव शोधायला मात्र कुठलाच कागद नाही. म्हणून तिला ओव्हेलिया म्हणण्यावाचून गत्यंतर नाही, आणि माझ्या मते ते रास्तही आहे. ज्या मुलीचं ते नाव होतं ती लहानपणीच गेली; ते घेऊन जगली आणि झुंजली ती हीच.

नव्या आवृत्तीत हा गेम खेळायला घेणार असाल तर झिरकाईल धबधब्याची लढाई घाईनं उरकू नका. दोन-चार पाळ्या ओव्हेलिया आपणहून काय करते, मंत्र कुणावर टाकते, कुणाच्या आड उभी राहते, ते नीट पाहा. पटावर ती पुन्हा दिसणार नाही. तिच्या रक्षणाची शपथ घेतलेली अॅग्रियस मात्र पुढे आपल्या फौजेत येते, आणि पुढचा लेखांक तिच्याविषयी आहे.