नायकाच्या वाटचं रडणारा

‘कोनन द बार्बेरियन’मध्ये (१९८२) नायक कोननच्या प्रेयसीची, व्हॅलेरियाची चिता जळत असते. कोनन कोरड्या डोळ्यांनी उभा, आणि त्याचा सोबती सुबोताई मात्र रडतोय. म्हातारा मांत्रिक विचारतो, तू का रडतोस? सुबोताई सांगतो, हा सिमेरियन जमातीचा, हा रडायचा नाही, म्हणून त्याच्या वाटचं मी रडतो. सुबोताई झालेला जेरी लोपेझ हा हवाईचा नावाजलेला सर्फर, मांत्रिक झालेला माको जन्माने जपानी. पडद्यावरचा आवाजसुद्धा लोपेझचा नाही, तो दुसऱ्या नटाने दिलाय. तलवार आणि जादूच्या जुन्या सिनेमांनी गोऱ्या नसलेल्या माणसांना कुठे उभं केलं, ते मला या प्रसंगात लख्ख दिसतं: नायकाला अगदी खेटून, पण नायकाच्या जागी नाही.

ही रीत बरीच जुनी. ‘द थीफ ऑफ बगदाद’मध्ये (१९४०) म्हैसूरकडच्या माहुताचा पोरगा साबू चोर झाला, कृष्णवर्णीय रेक्स इंग्रॅम जिन्न. सिनेमा तोलून धरला या दोघांनी. राजा मात्र इंग्रज जॉन जस्टिन. शेवटी साबूला शिकवून वजीर करायचं ठरतं, तर तो गालिच्यावर बसून पसार होतो. त्याच सिनेमात अनेक हातांची चंदेरी बाहुली सुलतानाचा जीव घेते. पुढे ‘गोल्डन व्हॉयेज ऑफ सिंदबाद’मध्ये (१९७३) बाहुल्यांना पडद्यावर जिवंत करणाऱ्या रे हॅरीहाउझनने सहा हातांची काली तलवारी घेऊन लढवली. कारागिरी अजोडच. पण जिची आपण ओटी भरतो, ती देवी तिथे एका दुष्ट जादूगाराच्या इशाऱ्यावर नाचणारी मूर्ती होते. ते मला आजही खुपतं.

‘कोनन’चा खलनायक थुल्सा डूम साकारला जेम्स अर्ल जोन्सने. पडद्यावरचा सर्वांत अधिकारी माणूस कृष्णवर्णीय, गोरी पोरं त्याच्यापुढे लोटांगण घालतात. नुसत्या हाकेवर एक मुलगी कड्यावरून उडी टाकते. एवढं सामर्थ्य दिलं, पण खलत्वाच्या अटीवर. ‘कोनन द डिस्ट्रॉयर’मध्ये (१९८४) जमैकात जन्मलेली ग्रेस जोन्स झुला म्हणून येते. मार्व्हलच्या कॉमिक्समध्ये झुला पुरुष होता. पहिल्यांदा दिसते तेव्हा ती साखळदंडात आहे, पण गुरगुरते अशी, की दया दाखवायची कुणाची छाती होऊ नये. अखेरीस राणी तिला आपल्या रक्षकदलाची प्रमुख नेमते. या सगळ्या सिनेमांतली ही माझी सर्वांत आवडती नेमणूक.

पण खरा अन्याय कागद आणि पडदा यांच्या मधल्या वाटेवर झाला. आंद्रे नॉर्टन या लेखिकेच्या १९५९ च्या ‘द बीस्ट मास्टर’ कादंबरीचा नायक होस्टीन स्टॉर्म नाव्हाहो आहे, अमेरिकेचा मूळ रहिवासी. जनावरांशी मनाने बोलणारा. १९८२ च्या सिनेमात तो दार नावाचा गोरा, सोनेरी केसांचा नायक झाला. त्याच्या सोबतीचा गरुड तसाच राहिला, नाव्हाहो माणूस तेवढा गेला. जॉन एमॉससारखा ताकदीचा कृष्णवर्णीय नट इथेही सोबतीच. नॉर्टनबाईंनी श्रेयनामावलीतून आपलं नाव काढायला लावलं. त्यांचा मला आदर वाटतो.

चार्ल्स सॉन्डर्सची गोष्ट याहून जिव्हारी लागणारी. या कृष्णवर्णीय लेखकाने आफ्रिकेच्या मातीतून तलवारीच्या कथा उभ्या केल्या. त्याची दोसूये ही पश्चिम आफ्रिकेतल्या दाहोमी राज्याच्या स्त्री-सैनिकांवरून घडवलेली योद्धी, लढाऊ बैलावर स्वार होणारी. तिच्या कथेवरून ‘अ‍ॅमेझॉन्स’ (१९८६) निघाला, पटकथाही सॉन्डर्सचीच. चित्रीकरण झालं अर्जेंटिनात, आणि दोन्ही प्रमुख योद्ध्या झाल्या गोऱ्या अभिनेत्री. २०२० मध्ये सॉन्डर्स गेला. बैलावर बसलेली त्याची काळी दोसूये अजून पुस्तकातच आहे.