निधनवार्ता वाचणारे भामटे

रेडिओवरचा गुप्तहेर म्हटलं की आपल्या आई-मावश्यांना विविध भारतीवरचा ‘इन्स्पेक्टर ईगल’ आठवतो. अमेरिकेतल्या त्याआधीच्या पिढीला विचाराल, तर एकच नाव पुढे येईल, ‘ड्रॅगनेट’. ड्रॅगनेट म्हणजे तळापासून ओढत आणायचं जाळं. कोकणातल्या मैत्रिणींना रापण म्हटलं की लगेच कळेल. ३ जून १९४९ ला एनबीसी रेडिओवर ही मालिका सुरू झाली आणि १९५७ पर्यंत चालली. हल्ली तिची जुनी ध्वनिमुद्रणं इंटरनेटवर ऐकायला मिळतात. मी ती दुपारची भांडी आवरताना ऐकते. इंग्रजी भरभर आहे, पण दोन-तीन भाग ऐकले की कानाला सवय होते.

ही मालिका जॅक वेब नावाच्या तरुण नटाची. १९४८ च्या एका पोलीसपटात त्याला छोटंसं काम होतं. त्या चित्रपटाला सल्ला द्यायला लॉस एंजेलिस पोलिसांतला मार्टी विन नावाचा सार्जंट यायचा. सिनेमात दाखवता तसं आमचं काम नसतं, खऱ्या केसेस वेगळ्याच असतात, हे वेबला त्याच्याकडून कळलं. मग वेब पोलिसांच्या गाडीतून फिरू लागला, त्यांची भाषा टिपू लागला. मालिकेतल्या गोष्टी पोलिसांच्या खऱ्या फायलींवरून घेतलेल्या, फक्त निरपराध माणसांना त्रास नको म्हणून नावं बदललेली. कचेरीतल्या एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत जितकी पावलं पडतात, तितकीच रेडिओवर वाजली पाहिजेत, असा वेबचा हट्ट असायचा म्हणतात.

नायक सार्जंट जो फ्रायडे, आणि त्याचा आवाजही वेबचाच. हा फ्रायडे म्हणजे अगदी कोरडा माणूस. ना प्रेमप्रकरण, ना फुशारकी. सुरुवातीलाच वार सांगणार, हवा कशी होती ते सांगणार, आपण आज कुठल्या विभागात ड्यूटीवर आहोत ते सांगणार, की कामाला सुरुवात. कधी खुनाचा तपास, कधी दरोड्याचा, तर कधी ‘बंको’. बंको म्हणजे फसवणुकीचे गुन्हे पाहणारा विभाग. याच मालिकेच्या एका भागात फ्रायडे ज्या टोळीच्या मागे लागतो, ती नुकतंच कुणी वारलेल्या घरांना लुबाडणारी असते. खुनाचे कितीतरी भाग ऐकले, पण मला अस्वस्थ केलं ते या भागाने. यात रक्ताचा थेंब नाही, पिस्तूल नाही. एक सभ्य माणूस दारात येतो, टोपी हातात घेतो आणि सांत्वन करतो!

हा धंदा तेव्हा अमेरिकेत चांगलाच माहितीतला होता. भामटा सकाळी वर्तमानपत्र उघडायचा ते थेट निधनवार्तांच्या पानावर. गेलेल्याचं नाव, राहण्याचं ठिकाण, मागे कोण कोण आहे, सगळं आयतं छापलेलं. मग त्या घरी एक पार्सल जायचं, पैसे देऊन सोडवायचं. आपल्याकडे पोस्टाची व्हीपी यायची ना, तसंच. पार्सलवर नाव गेलेल्या माणसाचं. बायकोला वाटायचं, ह्यांनी जाण्याआधी काहीतरी मागवलेलं दिसतंय. ती परत कशी पाठवणार? पैसे देऊन पार्सल घ्यायची आणि आत निघायची एखादी फडतूस वस्तू.

बायबल विकणाऱ्यांची तऱ्हा याहून वाईट. आधी विधवेचं नाव काढायचं, ते बायबलवर सोनेरी अक्षरांत छापून घ्यायचं आणि दारात जाऊन विचारायचं, साहेब आहेत का घरी? ते गेले म्हटल्यावर चेहरा पाडायचा. मग हळूच सांगायचं, त्यांनी तुमच्यासाठी हे खास करून घेतलं होतं, थोडे पैसे आगाऊ दिले होते, एवढे बाकी आहेत. नवऱ्याची शेवटची भेट, त्यात देवाचं पुस्तक, वर आपलं नाव! कोण घासाघीस करील?

या बायबलवाल्यावर १९७३ साली ‘पेपर मून’ नावाचा चित्रपट निघाला, मंदीच्या काळातल्या कॅन्सस प्रांतातला. त्यातली चिमुरडी समोरच्या बाईची परिस्थिती बघून भाव कमी-जास्त करते. ते काम करणाऱ्या टेटम ओनीलला दहाव्या वर्षी ऑस्कर मिळालं. चित्रपट गोड आहे, मीही हसले. पण हसू येतं ते आपण भामट्याच्या गाडीत बसून सगळं बघतो म्हणून. ‘ड्रॅगनेट’ ऐकताना आपण दाराच्या आतल्या बाजूला, त्या बाईशेजारी असतो.

एरवी कुणी फसलं की आपण पटकन म्हणतो, हाव नडली. महिन्यात दाम दुप्पट, स्वस्तात सोनं, अशा प्रकारांत थोडंफार तसं असतंही. इथे मात्र घेण्याची हाव कुठेच नाही. ती बाई देते, आणि देते कारण गेलेल्या माणसाचा शब्द खाली पडू नये. त्याच्या माघारी त्याला कुणी बुडव्या म्हणू नये. म्हणजे भामटा खेळतो तो तिच्या चांगुलपणावर. आणि फसल्याचं कळल्यावरही ती तक्रार करत नाही. लोक काय म्हणतील हे तर आहेच, शिवाय तक्रार करायची म्हणजे ‘ह्यांनी माझ्यासाठी मागवलं होतं’ ही मनातली समजूत स्वतःच्या हाताने पुसायची. ते पैसे जाण्यापेक्षा जड जातं. अशा वेळी पोलिसांनी तरी काय करावं?

म्हणून मला फ्रायडेचा कोरडेपणा आता पटायला लागलाय. कधी आला होता? किती वाजता? काय शब्द वापरले? कागद दाखवला का? दुःखात बुडालेल्या बाईला असे प्रश्न विचारणं आधी निर्दय वाटतं. पण भामट्याला नको असतात ते हेच प्रश्न.

आपल्याकडे सुतकाच्या घराचं दार दहा-तेरा दिवस उघडंच असतं. भेटायला येणाऱ्याला कोण कुठला म्हणून विचारायची पद्धत नाही. शेजारीपाजारी कडू घास आणतात, पाहुण्यांचा राबता असतो. आणि आपली निधनवार्ता? वय, गाव, कुठून निवृत्त झाले, आणि त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुली, जावई, नातवंडं असा परिवार आहे. मुलगा नाही, घरात बाई एकटी, हे वेगळं शोधायलाच नको. हल्ली तर फोटोसकट मजकूर पाच मिनिटांत गावभर मोबाइलवर फिरतो. पत्ता आणि फोन नंबर त्यात घालू नका, असं मी आता ओळखीच्या घरांत सांगते. दशक्रियेला यायचं ते लोक विचारून येतात.

आता फोनही येतात. तुमच्या मिस्टरांचा विमा मंजूर झालाय, फाइलचे एवढे पैसे भरा. विमा नियामक म्हणजे आयआरडीएआय स्वतः विमा विकत नाही, बोनस वाटत नाही, हे त्यांनीच वारंवार जाहीर केलंय. विम्याचा दावा मंजूर करायला वारसाकडून फी घेतली जात नाही. गेलेल्या माणसाच्या नावावर एखाद्या बँकेत जुनी ठेव पडून असेल, तर ती शोधायला रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे पोर्टल सुरू केलंय, तेही फुकट. फोनवर पैसे गेलेच तर १९३० हा नंबर लगेच फिरवायचा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

उसनवारीबद्दल एक गोष्ट बऱ्याच बायकांना माहीत नसते. नवऱ्याचं कर्ज वारसांना फेडावं लागतं ते त्याच्याकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतंच. बायकोची स्वतःची कमाई, तिचं स्त्रीधन त्यात येत नाही. मात्र तिने जामीनदार किंवा सहकर्जदार म्हणून सही केलेली असेल तर गोष्ट वेगळी. आणि कर्ज होतं हे सिद्ध करायची जबाबदारी मागणाऱ्याची असते.

आमच्या बचत गटातल्या एकीच्या घरी नवव्या दिवशी एक गृहस्थ आले. दादांनी माझ्याकडून चाळीस हजार घेतले होते, आता वहिनी तुम्हीच बघा, म्हणाले. डोळ्यांत पाणीही होतं. ती कपाटाच्या किल्ल्या घ्यायला उठलीच होती. पण तिची नणंद आशा वर्कर आहे, दिवसभर वह्या भरायची सवय. तिने चहाचा कप त्यांच्या हातात देत विचारलं, “भाऊ, कोणत्या महिन्यात दिले हो? कुठे दिले? अजून कोण होतं तिथे?” महिना सांगितला दिवाळीचा. त्या दिवाळीत दादा तालुक्याच्या दवाखान्यात ॲडमिट होते. मग गृहस्थ म्हणाले, चिठ्ठी घरी आहे, घेऊन येतो. अजून आलेले नाहीत.

त्याच घरी पंधराव्या दिवशी कोपऱ्यावरचा किराणावाला आला. दिवस होईपर्यंत थांबलो म्हणाला. लाल वही उघडून पायरीवरच बसला. तेल, साखर, दोन वेळा चहापत्ती, प्रत्येक ओळीला तारीख आणि दादांची छोटी सही. दोन हजार तीनशे चाळीस. नणंदेने सगळ्या ओळी बोट ठेवून वाचल्या, बेरीज केली आणि पैसे दिले. त्याने तिच्यासमोर पानावर आडवी रेघ मारली.