रोजा दोघांचा, भांडी एकटीची

रमजानमध्ये मोहल्ल्यात सगळ्यात आधी दिवा लागतो तो स्वयंपाकघरात. सहेरी संपायला दीड-दोन तास असतात, बाहेर मिट्ट काळोख असतो आणि घरातली बाई कणिक मळायला बसलेली असते. सगळ्यांना गरम रोटी वाढून ती स्वतः जेवायला बसते तेव्हा घड्याळात पाच-सात मिनिटं उरलेली असतात. चार घास, वर घटाघटा पाणी, की फजरची अजान झालीच.

रोजा नवऱ्याचाही असतो आणि बायकोचाही. भूक-तहान दोघांना सारखीच लागते. पण तिला असरच्या नमाजनंतर पुन्हा गॅसपाशी उभं राहावं लागतं. भजी, चणे, शरबत आणि शिवाय रात्रीचं जेवण. भज्यात मीठ बरोबर पडलंय का, हे चाखायचीही सोय नाही! इफ्तारनंतर पुरुष तरावीहला, म्हणजे रमजानमधल्या रात्रीच्या खास नमाजला, मशिदीत जातात आणि मोरीत भांड्यांचा ढीग उरतो. ती नोकरी करणारी असेल तर ऑफिसचे आठ तास यात मिळवायचे.

शेजारच्या हिंदू घरातल्या बाईला हे नवीन वाटणार नाही. नवरात्रात तिचा उपवास असतो, तरी एका शेगडीवर वरीचे तांदूळ आणि दुसरीवर उपवास नसलेल्यांचं वरण-भात शिजत असतंच. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात आणि पुरुष ८८. त्यातही ही ८८ मिनिटं घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची आहेत. जे हातच लावत नाहीत, ते या सरासरीत धरलेले नाहीत.

पुरुषांना काम येत नाही म्हणावं, तर संध्याकाळी मशिदीत डोकावून पाहावं. तिथे तरुण मुलं दस्तरखान अंथरतात, कलिंगड कापतात, खजूर वाटतात, पाणी देतात आणि नंतर ताटं विसळून फरशीही पुसतात. शेवटच्या दहा दिवसांत एतेकाफला, म्हणजे मशिदीतच मुक्काम करून इबादत करायला बसलेले पुरुष आपली ताटली आपणच धुतात. कुणालाही त्यात कमीपणा वाटत नाही, उलट सवाब मिळतो असंच मानतात. तीच ताटली घरच्या मोरीत असली की मात्र ती बायकांची होते.

प्रेषित मुहम्मद (स.) घरात असताना काय करत, असं हजरत आयेशा (रजि.) यांना विचारलं गेलं होतं. ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत, असं त्यांनी सांगितल्याची नोंद ‘सहीह बुखारी’त आहे. चप्पल शिवणं, कपडे सांधणं, बकरीचं दूध काढणं ही कामं ते स्वतः करत, असं इतर हदीसांत येतं. दाढी, मिस्वाक, खजुराने रोजा सोडणं या सुन्नतींची आठवण हौसेने ठेवली जाते. ही सुन्नत जुम्म्याच्या बयानात क्वचितच ऐकू येते. शाफई आणि हंबली परंपरेतल्या अनेक फकीहांनी तर स्वयंपाक-धुणं हे निकाहच्या कराराने पत्नीवर बंधनकारक होत नाही, असं मत दिलेलं आहे. हनफी मत यापेक्षा वेगळं आहे, पण तिथेही कायद्याने तिच्यावर सक्ती करता येत नाही.

हा नुसता दमण्याचा प्रश्न नाही, इबादतीचाही आहे. रमजानमध्ये कुरआन एकदा तरी पूर्ण वाचून व्हावा, अशी बहुतेक बायकांची इच्छा असते. पारे ३०, म्हणजे रोज एक. त्याला अर्धा-पाऊण तास लागतो आणि इफ्तारची भांडी घासायलाही साधारण तेवढाच. काही तरुण जोडप्यांनी हा हिशेब आपसात मांडला आहे. तरावीहला निघण्याआधी नवरा भांडी उरकतो आणि सहेरीला तिला उठवण्याऐवजी आधी स्वतः उठून दूध तापत ठेवतो. इफ्तारला पाच पदार्थांऐवजी दोनच करायचे, हेही त्यांनी मिळूनच ठरवलेलं असतं. सासूबाईंना हे पचायला कधी कधी अख्खा रमजान लागतो.

चांदरातीला मात्र जुन्या वळणाच्या घरांतही चित्र थोडं बदलतं. तिच्या दोन्ही हातांवर ओली मेंदी असते. मग शिरखुर्म्यासाठी भिजवलेली खारीक अडकित्त्याने कातरायला नवरा बसतो आणि मधूनमधून उठून दूध उतू जात नाही ना, हेही पाहून येतो.