‘नऊ मिलिमीटर? तीन इंच जास्त झालं!’

आमचा आणि अण्णांचा फोन पूर्वी पाऊण मिनिटाच्या वर कधी गेला नाही. “जेवलास का?” “हो.” “पाऊस?” “इथं कुठला पाऊस, अण्णा!” “बरं, ठेवतो.” संपलं. आई होती तोवर ती मधलं एक्स्चेंज होती. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे तीच पोचवायची. ती गेल्यावर एक्स्चेंजच बंद पडलं. परदेशात राहणाऱ्या बऱ्याच मुलांचं वडिलांशी असंच होत असावं. माया असते, पण बोलायला विषय नसतो.

मी यान्बूला येऊन अकरा वर्षं झाली. तांबड्या समुद्राकाठचं हे गाव मुंबई-पुण्यात फारसं कुणाला माहीत नसतं. जेद्दाहच्या उत्तरेला, मदिनेचं जुनं बंदर. १९७५ मध्ये जुबैल आणि यान्बूसाठी रॉयल कमिशन नेमलं गेलं, तेव्हापासून इथं औद्योगिक शहर उभं राहिलं. देशाच्या पूर्व टोकाकडून बाराशे किलोमीटरची पाइपलाइन वाळवंट ओलांडून इथं येते. माझं काम वेल्डिंग तपासायचं. दिवसभर दुसऱ्यांचे जोड नापास करायचे आणि संध्याकाळी खोलीवर येऊन डाळ-भात लावायचा. बायको आणि मुलगी नेरळला, अण्णांबरोबर.

अण्णा नेरळच्या लोको शेडमधले. १९७१ मध्ये खलाशी म्हणून लागले, फिटर झाले, २००९ मध्ये निवृत्त झाले. माथेरानच्या गाडीची वाफेची इंजिनं ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला थांबली. म्हणजे त्यांची उमेदीची दहा-अकरा वर्षं त्या इंजिनांखाली आडवं पडून गेली. पुढं डिझेलवर त्यांनी उरलेली नोकरी केली, पण डिझेलबद्दल ते कधी काही बोलले नाहीत.

तीन वर्षांपूर्वी इंग्लंडला राहणारा माझा मावसभाऊ दिवाळीला आला तेव्हा त्याने माझ्या सांगण्यावरून एक चपटा खोका आणला. आत पितळेचे तीन पत्रे, काही ओतीव सुटे भाग, चाकं, मोटर आणि इंग्रजी सूचनांची पुस्तिका. दार्जिलिंगच्या गाडीच्या ‘बी’ क्लास वाफेच्या इंजिनाचा संच. अशी इंजिनं १८८९ पासून तयार होऊ लागली; चार चाकं, आणि पाण्याची टाकी घोड्यावर खोगीर टाकावं तशी बॉयलरवर बसवलेली. दार्जिलिंगच का? कारण ७९४ नंबरचं असंच एक इंजिन या शतकाच्या सुरुवातीला दार्जिलिंगहून आमच्या नेरळला आलं होतं. दोन्हीकडे दोन फुटी रूळ, म्हणून चाललं. मला वाटलं, अण्णा खूश होतील.

व्हिडिओ कॉलवर खोका दाखवला. अण्णा म्हणाले, “हे आपलं नाही. ही पाहुणी.”

त्यांचं म्हणणं खरंच होतं. माथेरानची मूळ इंजिनं वेगळी. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून त्यांच्या मुलाने, अब्दुल हुसेन यांनी, ही रेल्वे बांधली. १९०७ मध्ये ती सुरू झाली. चढ वीसास एक, वळणं तर विचारूच नका. त्यासाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलकडून चार इंजिनं आली, ७३८ ते ७४१. सहा चाकी. त्यांतलं ७३८ आता दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे आणि ७४० तर इंग्लंडला पोचलंय. तेही आपल्यासारखंच अनिवासी!

“बरं, रूळ किती रुंद आहे तुझ्या खेळण्याचा?” अण्णांनी विचारलं.

“नऊ मिलिमीटर. शहात्तरास एक या प्रमाणात.”

ते गप्प झाले. मी म्हटलं, झालं, आता “ठेवतो” येणार. पण ते म्हणाले, “नऊ गुणिले शहात्तर म्हणजे सहाशे चौऱ्याऐंशी. आपला गेज सहाशे दहा. तीन इंच जास्त झालं की रे!”

मी सांगितलं की खरा गेज धरला तर आठ मिलिमीटर हवा, पण नऊचे रूळ आणि यंत्रणा बाजारात सहज मिळतात म्हणून लोक तेवढा फरक चालवून घेतात. “चालवून घेतात,” ते म्हणाले. त्या दोन शब्दांत बरंच काही होतं. पण त्या दिवशी कॉल अकरा मिनिटं चालला. मी नंतर फोनमध्ये बघितलं.

आता हा संच म्हणजे काय, ते सांगतो. पूर्वी छापखान्यांत चित्रांसाठी जस्ताचे ब्लॉक करायचे, जुन्या वाचकांना आठवत असेल. तीच विद्या. पितळेच्या पातळ पत्र्यावर प्रकाशाने कडक होणारा लेप द्यायचा, दोन्ही बाजूंनी भागांच्या आराखड्याची फिल्म ठेवून उजेड दाखवायचा, लेप धुवायचा आणि पत्रा फेरिक क्लोराइडच्या द्रावणात सोडायचा. लेप जिथं नाही तिथलं पितळ खाल्लं जातं. दोन्ही बाजूंनी खाल्लं की आरपार कापलं जातं, एकाच बाजूने खाल्लं की निम्म्या जाडीची खाच पडते. त्या खाचेवर पत्रा दुमडायचा. खाच आतल्या बाजूला ठेवायची, हे विसरलात तर पत्रा तुटतो. (मी विसरलो होतो. एकदाच.) रिवेटसाठी मागच्या बाजूला बारीक खळगे असतात. टोकदार खिळ्याने हलकेच दाबलं की पुढं रिवेटचं डोकं उमटतं. एका केबिनवर किती रिवेट! दोन शुक्रवार त्यातच गेले.

सगळे भाग पत्र्याच्या चौकटीला बारीक दांड्यांनी धरलेले असतात. ते सोनाराच्या करवतीने सोडवायचे आणि कडेची धार कानशीने घासायची, कारण रसायन दोन्हीकडून खात येतं तेव्हा कडेच्या मध्यावर बारीक कंगोरा राहतो. मग डाग द्यायचा. बॉयलरचा पत्रा आधी गॅसवर मंद लाल होईपर्यंत तापवून मऊ केला, आणि माउसच्या पॅडवर ठेवून जाड पेनाने लाटला. पोळीसारखा. आमच्या बायकोने ते व्हिडिओवर बघून जी टिप्पणी केली ती इथं देत नाही.

डाग देण्यातही क्रम असतो. मुख्य सांगाडा साध्या सोल्डरने. ते १९० अंशांच्या आसपास वितळतं. ओतीव भाग मात्र शिसं-कथलासारख्या मऊ धातूचे असतात, त्यांना ७० अंशांना वितळणारं वेगळं सोल्डर लागतं आणि आयर्नची उष्णता कमी ठेवावी लागते. मी एका रात्री घाईत ती कमी करायला विसरलो आणि धुरांडं डोळ्यांदेखत विरघळून टेबलावर थेंब होऊन बसलं. अण्णांना सांगितलं तर ते हसले. आई गेल्यानंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं असेन. “आमच्याकडे असं झालं असतं तर चार्जशीट मिळाली असती,” म्हणाले. धुरांडं पुन्हा मागवलं.

यान्बूची हवाही या कामाच्या मुळावर. बाहेर वाळवंट असलं तरी उन्हाळ्यात समुद्राकडून अशी दमट हवा येते की सकाळी गाडीची काच पुसावी लागते. फ्लक्स आम्लाचं, ते जोडावर राहिलं की दुसऱ्या दिवशी पितळ हिरवं. म्हणून कितीही रात्र झाली तरी काम कोमट पाण्याने आणि सोड्याने धुऊनच झोपायचं. साधं बोट लागलं तरी ठसा काळा पडतो.

पण खरी गोष्ट चॅसीची आहे.

चॅसी म्हणजे दोन उभे पत्रे, मधे आडवे तुकडे, आणि दोन आस. इतकंच. पण दोन्ही पत्रे समांतर हवेत, आस काटकोनात हवेत, कपलिंग रॉडच्या भोकांमधलं अंतर आणि आसांमधलं अंतर तंतोतंत तेच हवं, आणि एका बाजूचा क्रँक दुसरीपेक्षा नव्वद अंश पुढं हवा. नाहीतर चाक अडतं. माझं अडलं. दर फेऱ्याला एकाच जागी. मी तीन रात्री खटपट केली आणि मग जे करू नये ते केलं. रॉडची भोकं थोडी थोडी मोठी केली. चाकं फिरायला लागली.

शुक्रवारी अण्णांना मोठ्या उत्साहाने दाखवलं. बोटाने ढकललं, टेबलावरून गेलं. अण्णा म्हणाले, “पुन्हा.” पुन्हा ढकललं. “फोन खाली ठेव, कडेने दिसू दे. पुन्हा.” मग म्हणाले, “लंगडतंय. भोक मोठं केलंस ना?”

मी चाळीस पार केलेला माणूस. रोज कुणाचा तरी जोड नापास करून सही करतो. पण त्या क्षणी मी “नाही” म्हणालो.

“बरं,” ते म्हणाले. “ठेवतो.”

त्या आठवड्यात माझं कामात लक्ष नव्हतं. शटडाऊन चालू होता. एका वेल्डरने जोडावर नुसता वरून थर देऊन आतला दोष झाकला होता. मी तो कापायला लावला आणि त्याचा चेहरा बघून मलाच कसंतरी झालं. त्या रात्री नेरळला एक वाजला असेल, तरी मी फोन लावला. वाटलं, बायको उचलेल. अण्णांनीच उचलला.

“अण्णा, भोक मोठं केलं होतं.”

“माहीत आहे,” ते म्हणाले. “झोपलो नाही मी पण. मागचा आस तिरका बसलाय तुझा. रॉडला कशाला शिक्षा?” आणि मग अर्धा तास त्यांनी शेडमधली पद्धत सांगितली. रॉड आधी खरा मानायचा आणि त्याच्यावरून आस बसवायचे, उलटं कधीच नाही. रॉड ठोकायला लागला की घाटात जुम्मापट्टीच्या पुढं कसा आवाज यायचा, ते त्यांनी तोंडाने काढून दाखवलं.

सगळी चॅसी सोडवली. रॉड नवे मागवले. आमच्या वर्कशॉपमधले एक पाकिस्तानी फोरमन आहेत, सगळे त्यांना खानसाब म्हणतात. त्यांनी लेथवर दोन पिना खरडून दिल्या, रॉडच्या भोकात बसतील आणि आसाच्या जागा धरून ठेवतील अशा. “साहब, ये खिलौना नहीं, घड़ी का काम है,” म्हणाले. पिनांवर रॉड चढवला, त्यावर फ्रेम, गुण्या लावला, काचेवर ठेवून डाग दिला. या खेपेला बोट लावायच्या आधीच, टेबल जरा कललेलं होतं तर, चाकं आपोआप फिरली.

याच सुमारास ईदच्या सुट्टीत आम्ही चौघे मित्र गाडीने मदाईन सालेहला गेलो. आता त्याला हेग्रा म्हणतात. इथून चारेक तास. लोक डोंगरात कोरलेल्या नबातियन थडग्यांसाठी जातात, मी गेलो स्टेशनासाठी. दमास्कसहून मदिनेपर्यंत आलेली हेजाझ रेल्वे १९०८ मध्ये पूर्ण झाली. तिच्यासाठी जगभरच्या मुसलमानांनी वर्गणी दिली, त्यात हिंदुस्थानातलेही पुष्कळ होते. पुढं पहिल्या महायुद्धात लॉरेन्स आणि अरब टोळ्यांनी ती जागोजागी उडवली. त्या लढ्याच्या दिवसांत लॉरेन्स यान्बूतही राहिला होता, त्याचं घर जुन्या बंदराजवळ दाखवतात. मदाईन सालेहच्या शेडमध्ये एक इंजिन रंगवून उभं केलंय. मी खाली वाकून, आडवं होऊन चाकांचे, रॉडचे, फ्रेमचे फोटो काढले. पहारेकरी बघत राहिला. संध्याकाळी सगळे फोटो नेरळला पाठवले.

उत्तर आलं, मुलीने टाइप केलेलं: “आजोबा विचारतात, गेज किती?”

एक हजार पन्नास मिलिमीटर, मी कळवलं.

“आजोबा म्हणतात, मीटरगेजपेक्षा दोन इंच जास्त. सगळीकडे असंच का करतात?”

गेल्या पावसाळ्यात अण्णा अंगणात घसरून पडले. खुब्याचं ऑपरेशन झालं. मला आठ दिवसांनी रजा मिळाली. इंजिन रंगवायचं राहिलं होतं. तसंच पिवळं, मोज्यात गुंडाळून हातातल्या बॅगेत टाकलं. विमानतळावर एक्स-रेच्या पडद्यावर ते इतकं स्पष्ट दिसलं की सुरक्षारक्षकाने दुसऱ्याला बोलावून दाखवलं आणि मग बॅग उघडायला लावली.

अण्णा पलंगावर होते. वजन बरंच उतरलेलं. हाताला कंप. मी फूटभर रूळ जेवणाच्या ताटावर ठेवला, ताट त्यांच्या मांडीवर, आणि नऊ व्होल्टची बॅटरी जोडली. इंजिन रुळाच्या टोकापर्यंत गेलं. तारा उलट्या केल्या, परत आलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून ते डोळ्यांजवळ नेलं, उलटं केलं, आणि पहिल्यांदा बघितलं ते रॉडचं भोक.

“रंग लावू नकोस इतक्यात,” म्हणाले. “जोड दिसू देत.”

नंबरची पाटी तेवढी लावायची होती. ७९४. मी चिमटा त्यांच्या हातात दिला. हात थरथरत होता, पाटी दोनदा गादीत पडली, मुलीने शोधून दिली. तिसऱ्यांदा लागली, थोडी तिरकी. मी काही बोललो नाही. तेच म्हणाले, “तिरकी आहे. राहू दे, पाहुणी आहे.”

ते आता वॉकर घेऊन अंगणापर्यंत जातात. आणि माझ्यामागे नवं काम लागलंय. ७३९ चा संच मला कुठं मिळाला नाही, तर अण्णांचं म्हणणं, आराखडा आपणच काढायचा आणि पत्रा कोरून घ्यायचा. अडचण आहे ती टोकाच्या दोन आसांची. त्या जर्मन इंजिनांना क्लीन-लिंडनर पद्धतीचे आस होते. आतला आस भरीव, तो रॉडने फिरतो. त्याच्यावर दुसरा पोकळ आस, चाकं त्याला. मधे गोलाकार सांधा, त्यामुळे वळणावर चाकं थोडी सरकतात, थोडी वळतात, आणि तरीही ओढतात. सहा चाकं ताठ ठेवली असती तर माथेरानच्या वळणांवर निभाव लागला नसता. हे सगळं नऊ मिलिमीटरात कसं करायचं?

“आठ,” परवा शुक्रवारी अण्णा म्हणाले. “आपलं इंजिन आहे, आठच ठेवायचं.” मग मुलीची चित्रकलेची वही मागवली आणि कंप पावणाऱ्या हाताने पोकळ आसाचा छेद काढून कॅमेऱ्यासमोर धरला. रेघ हलली होती, मापं मात्र सगळी लिहिलेली होती, इंचात. कॉल चालू असतानाच मी ती मिलिमीटरमध्ये करायला बसलो. मधेच ते म्हणाले, “जेवलास का?”

“अजून नाही,” मी म्हटलं. “सांध्याचा व्यास सांगा आधी.”